आता विचारा, कितव्या वर्षी?

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते हे कळलं की लग्नाच्या मांडवात, एसटीत, बँकेच्या रांगेत लोक मला एकच प्रश्न विचारतात, "बाई, लोकसंख्येवर कडक कायदा का करत नाहीत हो?" विचारणारे बहुतेक पुरुष असतात. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन केव्हाच झालेलं असतं.

देशात माणसं फार झाली आहेत का? माझ्या मते झाली आहेत. २०२३ साली आपण चीनला मागे टाकलं, १४२ कोटींच्या वर गेलो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, उन्हाळा लागण्याआधीच टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या वस्त्यांवर माझी नोकरी गेली. पाणी किती आणि पिणारे किती हा हिशेब मी रोज पाहिला आहे. पण लोक गर्दी बघतात आणि लगेच जन्मदराला बोल लावतात, ते मला पटत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची कमी झाली. त्याच काळात ठाणे जिल्हा एक तृतीयांशाहून अधिक वाढला. ठाण्याच्या फलाटावरची रेटारेटी कोकणातल्या कुलूप लावलेल्या घरांतून आली आहे, आमच्या माण-खटावच्या आटलेल्या विहिरींतून आली आहे. ती रोजगाराची आणि घरांच्या किमतीची गोष्ट आहे. बाळंतपणाच्या खोलीत तिचं उत्तर सापडणार नाही.

बाळंतपणाच्या खोलीत काय झालं ते मी सांगते. एका बाईला सरासरी २.१ मुलं झाली तर पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी राहते. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा हा आकडा २ होता आणि महाराष्ट्राचा १.७. ज्यासाठी लोक कायदा मागतात ते काम या राज्यातल्या बायकांनी कायद्याशिवाय पार पाडलं आहे. त्या पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. देशभरात हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास येतं. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण आहे ०.३ टक्के.

हा शेवटचा आकडा मी नोकरीभर डोळ्यांसमोर पाहिला. थंडीत कॅम्प लागायचे, मार्चअखेर जवळ आली की वाढायचे. गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना 'केसेस' आणायच्या असायच्या. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरून बायका ओळीनं झोपवलेल्या असत, उशाशी सासू किंवा आई, मांडीवर तान्हं मूल. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची, काही मिनिटांची, तो त्याच दिवशी चालत घरी जातो. हे मी घरोघर सांगत फिरले. पुरुष ऐकून घ्यायचे आणि उठून जायचे. बायका दाराआड बोलावून सांगायच्या, "बाई, माजं करा, पर त्यांचं नगं. त्यांना वजन उचलावं लागतंय." आणि ज्या बाईनं हे सांगितलं, ती टाके निघायच्या आत डोक्यावर हंडा घेऊन आडावर दिसायची.

पुरुषांच्या या भीतीला इतिहास आहे. १९२१ साली र. धों. कर्वे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून बसले तेव्हा स्वेच्छा हाच त्यांचा पाया होता. लोकांनी त्यांना छळलं, तरी 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातला पहिला देश ठरला. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात पुरुष मोठ्या संख्येनं होते. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारी विधानसभा आपलीच होती, महाराष्ट्राची. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, एवढंच आपलं नशीब. त्या वर्षानंतर पुरुष या कामातून जे उठले ते आजवर परत बसले नाहीत आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. कडक कायदा मागणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात घ्यावं. सक्तीनं आपल्याकडे निम्मे भागीदार कायमचे घालवले.

मुलं कमी झाली तर आकडा का वाढतोय, असं मला विचारतात. कारण काल जन्मलेल्या मुली आज आया होताहेत. त्या जन्मून चुकल्या आहेत, कुठलाही कायदा त्यांना मागे नेणार नाही. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी देश अजून काही दशकं वाढणार आहे. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की २०६० नंतर, १७० कोटींच्या आसपास, ही वाढ थांबेल. तोवर हातात काय उरतं? माझं सगळं म्हणणं इथं आहे: पहिलं मूल कितव्या वर्षी होतं, ते हातात उरतं.

एक हिशेब मांडून बघा. आई एकोणिसाव्या वर्षी झाली, तिची लेक एकोणिसाव्या वर्षी, नातही तशीच, तर ती बाई सत्तावन्नाव्या वर्षी पणजी होते आणि शहात्तराव्या वर्षी खापरपणजी. पाच पिढ्या एकाच वेळी जेवताहेत. हेच पहिलं मूल पंचविसाव्या वर्षी झालं, तर पंचाहत्तरीला ती पणजी असते, चारच पिढ्या. दोन्ही घरांत प्रत्येकीला दोनच मुलं. एकावरही बंधन घातलेलं नाही, तरी एक अख्खी पिढी कमी. आणि पंचविशीतली आई शिकलेली असते, तिच्या अंगात रक्त असतं, तिचं बाळ अडीच किलोचं भरतं. वजनकाट्यावर हा फरक मी इतक्यांदा पाहिला आहे की तो मला कागदावर मांडावा लागत नाही.

आमच्या सातारा जिल्हा परिषदेनं २००७ साली हे ओळखलं होतं. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार रुपये आणि तीन वर्षं लांबवणाऱ्याला साडेसात हजार, अशी योजना काढली. पेपरांनी तिला 'दुसरा हनिमून' म्हटलं, लोक हसले. मला मात्र त्या योजनेनं बोलायला जागा दिली. तोवर आम्ही घरात शिरायचो ते दोन मुलं झाल्यावर. आता नवी नवरी घरात आली की तिच्याशी आणि तिच्या नवऱ्याशी बोलायला कारण मिळालं. नवरा पहिल्यांदा समोर बसून ऐकत होता. पैशांपेक्षा सासूला सांगायला एक सरकारी सबब मिळाली, हे त्या मुलींना जास्त उपयोगी पडलं.

पण पाळणा लांबवायचा तर लग्नच आधी लांबायला हवं. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या मुलींपैकी सुमारे २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक. सरासरी १.७ मुलांचा अभिमान सांगणाऱ्या राज्यात. सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन मुलं, बाविसाव्या वर्षी ऑपरेशन: आमच्या रजिस्टरमध्ये ही केस 'यशस्वी' म्हणून नोंदली जाते. त्या मुलीचं काय झालं याचा रकानाच नाही.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हे का घडतं ते आई-बाप स्पष्ट सांगतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला निम्मीच उचल. शिवाय सहा महिने आई-बाप कारखान्यावर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? "लगीन लावलं की जोखीम गेली," म्हणतात. त्यांना बालविवाहाच्या शिक्षेचं पोस्टर दाखवून काय होणार? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. ती मुलीच्या तालुक्यात, भरवशाच्या बाईच्या हाताखाली, हंगाम सुरू होण्याआधी चालू झाली पाहिजे.

याउलट, निवडणूक लढवायला घातलेल्या दोन मुलांच्या अटीनं काय साधलं? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची दारं बंद. निम्म्या जागा बायकांच्या झाल्या आणि अट बायकांनाच जास्त लागली. तिसरं मूल हवं असतं ते मुलग्यासाठी, ते ठरवतो नवरा, रेटते सासू, आणि पद जातं हिचं. काही घरांत दुसरी मुलगी पोटात असल्याचं कळल्यावर पुढं काय झालं, ते गावाला माहीत असतं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. आंध्र प्रदेशानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ही अट काढली. आपणही काढावी.

आणखी एक प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारतात, म्हणून मी उत्तर मोठ्यानं देते. मुसलमान बाईला १९९२-९३ मध्ये सरासरी ४.४ मुलं होत होती, पाचव्या पाहणीत २.४ च्या खाली. हिंदू बाईला तेव्हा ३.३, आता २ च्या जरा खाली. दोघी एकाच रस्त्यानं चालल्या आहेत, एक थोडी मागून निघाली. माझ्याकडे तांबी बसवायला दोघी येत आणि दोघींची पहिली विनंती एकच असे, "घरी सांगू नका."

अलीकडे उलटी हाकही ऐकू येते, तीन मुलं होऊ द्या म्हणून. १९७६ चे पुढारी आणि हे पुढारी, दोघांनाही बाईचं पोट सार्वजनिक मालमत्ता वाटतं. मला दोघांचाही सारखाच राग येतो.

जिल्हा परिषदेसाठी मत मागायला कुणी दारात आलं तर मी लोकसंख्येचं काही विचारत नाही. आमच्या वरच्या वस्तीवरून अकरावीच्या मुलींना कॉलेजला नेणारी एसटी सकाळी किती वाजता येणार, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत सोडणार का, एवढं लिहून मागते. पास फुकट आहे, गाडी येत नाही. ज्या वर्षी गाडी बंद होते, त्या वर्षी त्या वस्तीवर लग्नं वाढतात.