रसिकांना आवाज मोठा नको, नेमका हवा

उतारवयात गाणे नीट ऐकू येईनासे झाले की घरात आवाज वाढवला जातो आणि मैफलीत पहिल्या रांगेतली खुर्ची धरली जाते. दोन्ही उपाय अपुरे आहेत. अंतर्कर्णातल्या केशपेशी वयोमानानुसार झिजतात, त्या पुन्हा तयार होत नाहीत आणि ही झीज वरच्या कंपनसंख्यांपासून सुरू होते. त्यामुळे बायाचा घुमारा ऐकू येतो, पण किनारीवरचा 'ना' बोथट होतो. गायकाचा स्वर पोचतो, पण बंदिशीतले 'स' आणि 'श' निसटतात. तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी मावळते. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सोसवत नाही. सरसकट आवाज वाढवला, तर हरवलेले परत येत नाही, उलट उरलेले टोचू लागते. म्हणून गरज आहे ती त्या-त्या कानानुसार, हरवलेल्या पट्टीपुरत्याच मदतीची, म्हणजे श्रवणयंत्राची.

यावर रसिकांचा आक्षेप ठरलेला असतो: यंत्रातून गाणे बेसूर वाटते. तक्रार खरी आहे, पण तिचे कारण दूर करता येते. ही यंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून घडवलेली असतात. सलग, स्थिर नाद म्हणजे गोंगाट, असे समजून ती तानपुरा दाबतात. बासरीचा लांबवलेला स्वर त्यांना स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ती शिट्टी थांबवण्याच्या खटपटीत तो स्वर थरथरतो. अनेक डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो. त्यात गोंगाट व शिट्टी रोखणारी यंत्रणा सौम्य किंवा बंद करतात आणि हळू-मोठ्या आवाजांतले अंतर शक्यतो राखतात. तो मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही. म्हणून ऑडिओलॉजिस्टकडे जाताना आवडते ध्वनिमुद्रण सोबत न्यावे, ते ऐकत यंत्र जुळवून घ्यावे आणि मेंदूला सवय होण्यासाठी काही आठवडे द्यावेत. तरुणपणीचा कान परत मिळणार नाही, हे मान्य. पण पूर्ण मिळत नाही म्हणून मिळण्याजोगेही सोडून देणे शहाणपणाचे नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. चांगल्या डिजिटल यंत्राला ते पुरत नाहीत. ही रक्कम वाढायलाच हवी. 'या वयात गाण्याचे काय एवढे?' असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून अधिक लोकांची श्रवणशक्ती कमी-अधिक घटलेली असते. मैफलींच्या श्रोत्यांत याच वयाचे लोक मोठ्या संख्येने असतात. आयोजकांनी भोंगे वाढवण्याऐवजी ध्वनी स्वच्छ ठेवावा आणि सभागृहांनी मंचावरचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी इंडक्शन लूप बसवावी. ज्यांनी आयुष्यभर तिकिटे काढून संगीत जगवले, त्यांना ते शेवटपर्यंत नीट ऐकू यावे, ही जबाबदारी एकट्या त्यांच्यावर टाकता येणार नाही.