थांबलेल्या ट्रकचा जमाखर्च

मोटार वाहन कायद्याने (१९८८) विसाव्या वर्षी मालमोटार चालविता येते. म्हणजे माझ्याच वयात. माझा एक शाळासोबती क्लिनरकी संपवून यंदा पुणे-बेंगळूर मार्गावर ड्रायव्हर झाला. पगार थोडा, बाकी फेरीमागे भत्ता. जेवण, चहा, आंघोळ सारे त्यातूनच. उरेल ती कमाई.

पोरगा लवकर मिळवता झाला, असे गल्लीत म्हणतात. खरे आहे. पण भत्ता चाके फिरली तरच. गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट पाहत दोन दिवस गेले, ते कुणाच्या खाती? कॉस्टिंगमध्ये आम्ही 'आयडल टाइम' शिकतो : यंत्र बंद पडून कामगार बसला, तरी त्याची मजुरी हिशेबात धरावीच लागते. येथे टायरची झीज धरतात, गाडीचा घसारा धरतात, गाडी अडकली म्हणून मालक हॉल्टिंगही मागतो. केबिनमध्ये उकडत पडलेला माणूस तेवढा कुठल्याच वहीत नाही. (आणि 'ड्रायव्हर मिळत नाहीत' ही ओरडही यांचीच!) १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेसुद्धा तळावरची नुसती हजेरी पंधरा मिनिटांच्या आतली असेल, तरच कामाच्या तासांत धरली होती.

हॉल्टिंगमधला ड्रायव्हरचा वाटा बिल्टीवरच लिहावा, असे माझे मत आहे. नवशिक्याला तो तोंडाने मागता येत नाही. गाडी काढून घेतली तर जायचे कुठे?