रुग्णवाहिका बाहेर, रुग्ण आत

घरातला मुलगा सामना बघायला निघाला की अम्मीचे प्रश्न ठरलेले: कोणाबरोबर जातोस, मोबाइल चार्ज आहे ना, परत कधी येणार? तिथे हजारोंच्या गर्दीत कोणाला चक्कर आली, छातीत दुखलं, तर धावून कोण येईल, हे मात्र आपण विचारत नाही. ते आयोजक बघतील, असं धरून चालतो.

आयोजकांचा अंदाज चुकला तर काय होतं, हे इंग्लंडने 15 एप्रिल 1989 रोजी पाहिलं. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा फुटबॉलचा उपांत्य सामना होता. गोलामागे जाळी लावलेल्या कप्प्यांत माणसं इतकी कोंबली गेली की उभ्या उभ्याच त्यांचा श्वास कोंडला. सहाव्या मिनिटाला खेळ थांबला. त्यापुढचं वाचताना आम्हांला जास्त त्रास झाला. मैदानाबाहेर चाळीसहून अधिक रुग्णवाहिका येऊन उभ्या राहिल्या, पण मैदानात पोहोचल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. आत प्रेक्षकांनीच जाहिरातींचे फलक उखडले आणि त्यांवर घालून जखमींना उचलून नेलं. एकूण 97 जीव गेले. स्वतंत्र समितीने 2012 मध्ये सारी कागदपत्रं तपासून सांगितलं, की मृतांपैकी 41 जण वाचू शकले असते.

म्हणजे गाड्या होत्या. हुकूम कोणी द्यायचा आणि कुठल्या फाटकातून आत जायचं, याचा ताळमेळ नव्हता.

या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या 1990 च्या अहवालाने हिशेब घालून दिला: दर 1000 प्रेक्षकांमागे प्रथमोपचार शिकलेला एक माणूस, 2000 हून जास्त गर्दी असेल तर डॉक्टर, आणि 5000 पासून पुढे सुसज्ज रुग्णवाहिका.

आता आपल्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धा आठवा. भर उन्हाळा, चषक मोठा, समालोचकाला दोन-दोन माइक! रुग्णवाहिका असलीच तर तिच्यापुढे मोटारसायकलींची रांग. आमचे माजी विद्यार्थीच अशा मंडळांत असतात, म्हणून हक्काने सांगतो: बॅनरच्या खर्चाआधी एक वाट मोकळी राखा, ती अडवणाऱ्याला हटवणारा माणूस नेमा. सावली आणि पाणी तर हवंच. चारजणांना तरी छातीदाब शिकवून ठेवा. माणूस बेशुद्ध आहे, श्वास चालत नाही, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं; डॉक्टर येईपर्यंत तेवढंच हातात असतं.

आणि मोठ्या स्टेडियमवर जाणाऱ्या मुलांनो, बसल्याबरोबर प्रथमोपचाराची जागा कुठे आहे ते बघून घ्या. 108 ला फोन लावला तर 'स्टेडियममध्ये' एवढं सांगून भागत नाही. स्टँडचं नाव आणि फाटकाचा नंबर सांगावा लागतो. दोन्ही सहसा तिकिटावर असतात. तिकीट आत शिरताच फेकून देऊ नका.