पाहुणा कुठून आला आणि कुठे उतरला

गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या ऑफिसातल्या लग्न झालेल्या जवळपास प्रत्येक पोराने तो एक फोटो टाकलाय. निळंशार पाणी, पाण्यात खांबांवर उभी असलेली लाकडी खोली, आणि पायऱ्यांवर पाय सोडून बसलेली बायको. मालदीव! आमच्या आईबाबांच्या वेळी हे सगळं महाबळेश्वरला व्हायचं, तेही एसटीने. तर आपण भारतीय एकदम घोळक्याने एखाद्या बेटावर जायला लागलो की त्या बेटाचं काय होतं, हा किडा बरेच दिवस डोक्यात वळवळत होता. आज शनिवार मोकळा मिळालाय, लिहून टाकतो.

मालदीवमधलं पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं. नाव कुरुंबा, म्हणजे शहाळं. खोल्या तीस, छपरं नारळाच्या झावळ्यांची. सुरुवातीचे पाहुणे इटालियन, मग जर्मन, स्वीडिश, ब्रिटिश. ही मंडळी बुड्या मारून मासे बघायला यायची, आठवडा-दोन आठवडे राहायची आणि आवडलं की पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. मग चिनी आले. २०१० साली चीन पहिल्या नंबरवर पोचला आणि २०१४ मध्ये एकूण १२ लाख पर्यटकांपैकी ३ लाख ६० हजारांच्या वर चिनी होते. म्हणजे दहातले तीन. मुक्काम तीन-चार रात्रींचा, पोहता येत नाही अशी बरीच मंडळी, फोटोची हौस दांडगी. रिसॉर्टवाल्यांनी मँडरिन बोलणारी माणसं ठेवली, जेवणात नूडल्स आणि भाताची लापशी आणली, लाइफ जॅकेटं वाढवली. जुने जर्मन पाहुणे अर्थातच कुरकुरले.

आपल्या धंद्यात ज्याला ‘एकाच क्लायंटवर चालणारी कंपनी’ म्हणतात तो हा प्रकार. क्लायंटला शिंक आली की बेंचवर किती जण बसतात हे आपल्याला कोणी सांगायला नको :-) मालदीवच्या क्लायंटला २०२० च्या जानेवारीत नुसती शिंक नाही, कोविडच झाला. मार्चअखेर देश बंद, १५ जुलैला पुन्हा सुरू. मधल्या पोकळीत आपण घुसलो. सिनेमावाल्यांचे फोटो आले, पाठोपाठ आयटीवाल्यांचे. २०२१ मध्ये १३ लाखांपैकी २ लाख ९० हजार भारतीय होते, तेसुद्धा आपल्या दुसऱ्या लाटेमुळे मे ते जुलै दक्षिण आशियातल्या पर्यटकांना दार बंद असताना. रिसॉर्टच्या मेनूत जैन थाळी आली. २०२३ मध्ये भारत आणि रशिया दोघेही २ लाख ९ हजारांच्या आसपास, आपण जेमतेम पुढे.

आणि मग २०२४ चा जानेवारी. लक्षद्वीपचे फोटो, तिथल्या तीन उपमंत्र्यांची बेताल वक्तव्यं, त्यांचं निलंबन, आपल्याकडे बहिष्काराची लाट. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आता बघा कसे उपाशी मरतात’ छापाचे निरोप तुम्हालाही आले असतीलच. झालं काय? त्या वर्षी भारतीय १ लाख ३० हजारांवर घसरले, आपण पहिल्यावरून सहाव्या नंबरवर गेलो. मालदीवची एकूण संख्या मात्र २० लाखांच्या पलीकडे पोचली. चिनी परत आले, रशियन होतेच. कोणी उपाशी मेलं नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारताने मालदीवसाठी ३५ हजार टनांवर कांद्याचा खास कोटा मंजूर केला. इथे निर्यातबंदीने आमचे नाशिकचे नातेवाईक हात चोळत बसले होते, तो भाग वेगळा. असो.

यावरून एक निष्कर्ष सगळेच काढतात, की एका देशावर विसंबू नये. खरंय. पण मला वाटतं, पाहुणा कुठल्या देशाचा या प्रश्नाला आपण फार भाव देतो. ‘चिनी पर्यटक गोंगाट करतात’, ‘भारतीय घासाघीस करतात’, ‘रशियन पितात’ या गप्पा प्रत्येक बेटावर ऐकू येतात आणि दर दहा वर्षांनी त्यातला फक्त देश बदलतो. पाहुणा रात्री झोपतो कुठे, यावर बेटाचं खरं भवितव्य ठरतं.

कारण मालदीवचं जुनं गणित असं आहे: एक बेट, एक रिसॉर्ट. ओसाड बेट भाड्याने द्यायचं, तिथे रिसॉर्ट बांधायचं, पाहुण्याला विमानतळावरून थेट तिकडे न्यायचं. दारू तिथे चालते, कारण तिथे वस्ती नाही. देश कडक मुसलमान, वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी. त्यामुळे जर्मन येवो, चिनी येवो की पुणेकर, गावातल्या माणसाला तो दिसतच नाही. पिठापासून चीजपर्यंत बहुतेक माल बाहेरचा, कष्टाच्या कामाला बरेचदा बांगलादेशी पोरं. घर सोडून दूरच्या बेटावर राहायचं म्हणून स्थानिक बायका तर नोकरीला फार कमी. पाहुण्यांचे देश बदलत गेले ते या कुंपणाच्या आत.

कुंपण मोडलं ते २००९ च्या सुमारास, वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस काढायला परवानगी मिळाली तेव्हा. त्याआधी जवळजवळ पाव शतक ती नव्हती. मला विचाराल तर चिनी लाटेपेक्षा आणि आपल्या लाटेपेक्षा हा बदल मोठा. कारण तिथून पुढे पाण्यावरची खोली न परवडणारा माणूससुद्धा येऊ शकला, आणि त्याचे पैसे गल्लीत खर्च व्हायला लागले.

आम्ही चौघं मित्र २०२२ च्या डिसेंबरात माफुशीला राहिलो ते अशाच एका ठिकाणी. या बेटावर देशाचा मोठा तुरुंग आहे, आणि आता गल्लोगल्ली गेस्ट हाऊसं. आमचा मालक तिशीतला. हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी आमच्या मुंबईच्या हिंदीपेक्षा बरं. त्याचा एक भाऊ रिसॉर्टवर दहा वर्षं वेटर होता, तो आता याची बोट चालवतो. आई सकाळी मस हुनी करायची: ट्यूना, खवलेलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, लिंबू. सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. आमच्यातल्या शाकाहारी मित्रासाठी तिसऱ्या दिवशी माऊलीने मासा वगळून तेच केलं. “भाई, पहले रशियन आते थे, अब आप लोग. मेरे को सब चलता है,” मालक म्हणाला, “बस सीझन खाली नहीं जाना चाहिए, बँक का हफ्ता है.”

हे सगळं गोड आहे असं नाही. पर्यटकांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून वेगळा काढलाय, आणि बेट एवढंसं असल्यामुळे उरलेला किनारा गावाला पुरत नाही. नमाजाच्या वेळी दुकानं बंद, तर बाहेर समुद्रात नांगरलेल्या बोटीवर दारूचा बार चालू. कचरा हा आणखी एक प्रश्न. मालेचा आणि रिसॉर्टांचा कचरा थिलाफुशी नावाच्या बेटावर नेऊन टाकतात, आणि आता त्यात गेस्ट हाऊसांचीही भर. २०२५ च्या जानेवारीपासून पर्यटकांवरचा हरित कर दुप्पट झाला: रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर, छोट्या गेस्ट हाऊसमध्ये ६. मला ते योग्य वाटतं. आपण कचरा करायचा आणि सहा डॉलरसाठी रडायचं, हे काही बरं नाही.

पण पुन्हा एखाद्या वर्षी दोन देशांचं बिनसलं, तर मोठं रिसॉर्ट दुसऱ्या देशाच्या टूर कंपनीशी करार करून मोकळं होईल. आमच्या माफुशीवाल्याकडे सहा खोल्या, एक बोट आणि बँकेचा हप्ता आहे. बहिष्काराचा चटका आधी त्यालाच बसणार, आणि त्याने तर कोणाबद्दल काही ट्वीटही केलेलं नसतं.

आमच्या टीममधला एकजण फेब्रुवारीत लग्न करतोय. चार रात्री पाण्यावरच्या खोलीत काढायचा बेत आहे. त्याला म्हटलं, दोन रात्री तिथे काढ, फोटो काढून घे, उरलेल्या दोन वस्तीच्या बेटावर राहा. गावातून हिंडताना अंगभर कपडे घाला, आणि शुक्रवारी सरकारी फेरीबोट आहे की नाही, तेवढं बघून विमानाचं तिकीट काढा.