पावतीचे टेबल कोणाच्या भरवशावर?

३१ मे उलटला आणि आमच्या टपालात एकाच विषयाची पत्रे येऊ लागली. २०२४-२५ मध्ये दिलेल्या देणगीचे १०बीई प्रमाणपत्र देणगीदार मागत आहेत आणि संस्थांकडे ते तयार नाही. कुठे देणग्यांचे १०बीडी विवरणपत्र दाखलच झालेले नाही, कुठे ते अर्ध्या देणगीदारांना वगळून दाखल झाले आहे. कारण सगळीकडे एकच : पावतीवर नाव आहे, रक्कम आहे, पॅन नाही. ओळख क्रमांकाशिवाय १०बीडीत देणगीदाराची नोंद होत नाही. नोंद नाही तर १०बीई नाही आणि १०बीई नाही तर वजावट नाही. उशिराचे शुल्क दिवसाला २०० रुपये. शिवाय आयकर कायदा, १९६१ च्या कलम २७१के खाली दहा हजारांपासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच.

हे विवरणपत्र मे महिन्यात भरले जाते, पण बिघडते ते स्मृतिव्याख्यानाच्या संध्याकाळी, सभागृहाच्या दाराशी. मार्चमध्ये एका संशोधन संस्थेच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. दाराजवळ एक टेबल, त्यावर सवलतीतली प्रकाशने, पावतीपुस्तक आणि कार्यालयातल्या एकट्या बाई. पुस्तके विकायची त्यांनी, सुटे पैसे शोधायचे त्यांनी, पाहुण्यांसाठी आणलेला हार कुठे ठेवला तेही सांगायचे त्यांनीच. एक निवृत्त शिक्षिका आल्या. पतीच्या नावाने कायम निधी ठेवायचा म्हणून त्यांनी पाच हजारांचे पाकीट पुढे केले. पॅन पाठ नव्हता, "नंतर कळवते" म्हणाल्या. पावती फाडली गेली, ‘८०जी सवलतीस पात्र’ असा शिक्का बसला, तेवढ्यात व्यासपीठावरून बाईंना हाक आली आणि त्या टेबल सोडून धावल्या.

त्या एका पावतीत तीन चुका आहेत. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही, म्हणजे शिक्का खोटा. पॅन वा दुसरा ओळख क्रमांक नाही, म्हणजे १०बीडीत नोंद नाही. आणि कायम निधीसाठी देणगीदाराचे स्पष्ट लेखी पत्र लागते. ते घेतलेच नाही, म्हणून ती रक्कम कॉर्पसमध्ये न जाता वर्षाच्या उत्पन्नात धरली जाणार. शिक्षिकाबाईंना दिलेला शब्द संस्थेने त्याच क्षणी मोडला आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

याचा दोष त्या कार्यालयीन सेविकेवर टाकणाऱ्या कार्यवाहांना आमचा साधा प्रश्न आहे. निमंत्रणपत्रिकेवरील नावांच्या क्रमावर तुमच्या समितीने किती बैठका घेतल्या आणि देणगीच्या टेबलावर कोण बसणार यावर किती मिनिटे? देणगी मागण्याचे भाषण अध्यक्ष करतात, पण देणगी घेतली जाते ती टेबलावर. तिथे बसणाऱ्या माणसाला नियम कोणी सांगितले नाहीत आणि सोबत दुसरा माणूसही दिला नाही.

सरकारी बाजूही बरी नाही. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा. तो आपण करतो. मग तो धर्मादाय कार्यालयात तारखांवर तारखा घेत पडून राहतो. परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर जुनीच नावे, म्हणून बँक नव्या सह्या घेत नाही. आयकराच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांक जुन्या चिटणिसांचा, ओटीपी त्यांच्याकडे. ते मुलाकडे परगावी गेलेले असले की ३१ मेच्या रात्री त्यांना फोन लावत बसायचे. सरकारी कार्यालयाची दिरंगाई कामकाजाचा भाग आणि संस्थेचा एक दिवसाचा उशीर मात्र दंडनीय, हा न्याय बदलला पाहिजे. निवडणुकीला हरकत नसलेले चेंज रिपोर्ट ठरावीक मुदतीत निकाली काढावेत, ही मागणी आम्ही पुन्हा करत आहोत.

परदेशस्थ मराठी मंडळींबद्दल एक सूचना. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिक झालेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या माणसाने टेबलावर रुपयांत दिलेली देणगीही परकीयच ठरते. ती एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही आणि तशी मुभा असली तरी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. आडनाव ओळखीचे आहे म्हणून पावती फाडू नका.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी एक समज आहे : हिशेबाचे काम विद्वत्तेच्या खालचे आहे, असे आपल्यापैकी अनेकांना मनातून वाटते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी रीतसर लिमिटेड कंपनी काढून भाग विकले होते. त्यांना ते काम कमी प्रतीचे वाटले नाही.

म्हणून सभासद संस्थांना कळकळीची विनंती. पुढच्या कार्यक्रमाला टेबलावर दोन माणसे बसवा, एक फक्त देणगीसाठी. पॅन आणि पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पावती फाडू नका. कायम निधीच्या पत्राचे छापील नमुने आणि देणगी भरण्यासाठी क्यूआर कोड टेबलावर ठेवा. दर महिन्याच्या पाच तारखेला पावतीपुस्तक आणि बँकेचा उतारा ताडून पाहा. अंदाजपत्रकात कार्यालयीन सेवकाच्या प्रशिक्षणासाठी आणि पगारवाढीसाठी तरतूद करा. ज्यांचे १०बीडी राहिले आहे त्यांनी ते याच आठवड्यात भरावे, चुकलेल्यांनी दुरुस्ती विवरणपत्र द्यावे.

नोंदणीच्या मुदतीची तारीखही भिंतीवर लिहून ठेवा. २०२१ मध्ये मिळालेली आयकराची पाच वर्षांची १२एबी आणि ८०जी नोंदणी ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. तिच्या नूतनीकरणाचा १०एबी अर्ज ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत जाणे आवश्यक होते. पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना आता १२एबी दहा वर्षांसाठी मिळू शकते, ८०जी मात्र पाचच वर्षांची. दोन्ही अर्ज वेगवेगळे आहेत. पोर्टलवरचा मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, ते आजच पाहा.