लक्ष आहे ना?

मुलाची नजर अधू आहे, हात थरथरतो किंवा दीर्घ आजारामुळे शाळा सुटली आहे, असे झाले की घरातील मंडळी प्रथम त्याच्या हातून काय होणार नाही याचाच हिशेब मांडू लागतात. त्यात चित्रकला सर्वांत आधी वगळली जाते. ज्याला नीट दिसत नाही त्याला चित्र कशाला शिकवायचे, हा प्रश्न इतका स्वाभाविक वाटतो की त्याचे उत्तर शोधण्याची गरजही कोणाला भासत नाही. शंभर वर्षांपूर्वी शांतिनिकेतनात मात्र हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता आणि त्याला मिळालेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे.

बिनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ साली बंगालमध्ये झाला. एका डोळ्याने त्यांना दिसत नव्हते आणि दुसऱ्याची दृष्टी अतिशय क्षीण होती. चारचौघांप्रमाणे शाळेत शिकणे कठीण, म्हणून १९१७ साली ते शांतिनिकेतनात आले. १९१९ साली तेथे कलाभवन सुरू झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांनी प्रवेश घेतला. आचार्य नंदलाल बोस यांना साहजिकच शंका वाटली. इतक्या अधू नजरेच्या मुलाने चित्रकार होण्याचा ध्यास घ्यावा काय? ही शंका रवींद्रनाथ ठाकूर यांच्या कानी गेली. त्यांनी मुलाच्या डोळ्यांची चौकशी केली नाही. तो नियमितपणे कामाला बसतो का, त्याचे मन त्यात लागते का, एवढेच त्यांनी विचारले. होकार मिळताच, मग त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, असा त्यांचा निर्णय झाला.

पेढीवर नवा मुलगा ठेवताना जाणते शेठही याहून निराळे काय पाहतात? हिशेब त्याला आज येतो की नाही हे दुय्यम असते. गिऱ्हाईक बोलत असताना त्याचे ध्यान कोठे आहे, हे पाहिले जाते. उणीव एका दृष्टिक्षेपात दिसते, लक्ष ओळखण्यासाठी मात्र काही दिवस शेजारी बसावे लागते. कलाभवनाने बिनोदबिहारींना ते दिवस दिले. १९२५ साली ते तेथेच अध्यापक झाले.

दूरचे स्पष्ट दिसत नसल्याने त्यांनी जवळच्याचा ध्यास घेतला. वीरभूमची उजाड माळराने, ताडाची झाडे आणि संथाळांची वस्ती त्यांनी वर्षानुवर्षे चितारली. कागदाचे लांबच लांब पट त्यांना विशेष आवडत. असा पट एकाच नजरेत मावत नाही. हाताच्या अंतरावरचा एकेक भाग पाहत पुढे सरकावे लागते. १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगविले. ओल्या गिलाव्यावर रंग द्यावयाचा, तर जेवढे दिवसभरात पुरे होईल तेवढाच गिलावा लावायचा. तो सुकला की दुरुस्तीला वाव राहत नाही. पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर न उतरविता त्यांनी हे काम केले. त्या चित्रात कबीर व तुलसीदासांसमवेत सूरदासही आहेत. परंपरेने अंध मानलेल्या संताला अधू दृष्टीच्या चित्रकाराने भिंतीवर साकारले.

पुढे दहा वर्षांनी, १९५७ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. वय त्रेपन्न. तरीही ते शांतिनिकेतनात परतले आणि विद्यार्थ्यांना कलेचा इतिहास शिकवू लागले. हातांना त्यांनी नवी कामे दिली. कागद कापून व दुमडून आकार घडविणे, मेण आणि मातीच्या मूर्ती करणे, लेखणीने रेखाटणे हे सारे स्पर्शाच्या आधारे चालले. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे एक मोठे भित्तिचित्र उभे राहिले; दुमडलेल्या कागदांतून सुचलेल्या आकृत्या त्याच्या मुळाशी होत्या. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी ‘द इनर आय’ हा लघुपट काढून गुरूंच्या कार्याची नोंद केली.

बिनोदबिहारींची प्रतिभा असाधारण होती, प्रत्येक मुलाला ती कोठून लाभणार, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु रवींद्रनाथांनी विचारलेला प्रश्न प्रतिभेविषयी नव्हता आणि म्हणूनच तो कोणत्याही घरात विचारता येतो. नजर अधू असेल तर जाड काळी रेघ आणि डोळ्यांजवळ आणता येईल असा कागद द्यावा. मुळीच दिसत नसेल तर पुठ्ठ्यावर गोंदाने सुतळी चिकटवून बोटांना लागणारी रेघ करावी, मातीचा गोळा हाती द्यावा. हात थरथरत असेल तर कागद चिकटपट्टीने पक्का करावा आणि ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. अंथरुणाला खिळलेल्यासाठी दुकानातील पाठकोरे कागद आणि एक पाटी पुरेशी आहे. हे सारे स्वस्त आहे. महाग आहे तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊन शेजारी बसणारा शिक्षक, आणि चित्र फसले तर फसले असे प्रेमाने सांगण्याचे त्याचे धैर्य. प्रत्येक चित्राला ‘वा, वा’ म्हणणे ही दया झाली. तिने मुलाला काहीच शिकता येत नाही.

व्यापारी कुटुंबांत दानाची परंपरा मोठी आहे. वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला अपंग मुलांच्या संस्थेत रंगपेट्या वाटल्या जातात, छायाचित्र निघते आणि पुढच्या महिन्यात त्या पेट्या कपाटात पडून राहतात. तेवढीच रक्कम एका कलाशिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनात घातली तर ती प्रत्येक आठवड्याला उपयोगी पडते. दिवाळीला याच मुलांनी रंगविलेल्या पणत्या आणि पाकिटे मागविताना इतर मालाप्रमाणे प्रत पाहावी, रास्त भाव द्यावा आणि माल पसंत पडल्यास पुढील वर्षाची मागणी आधीच नोंदवावी. करुणेने केलेली खरेदी एकदाच होते. कारागीर म्हणून केलेला व्यवहार वर्षानुवर्षे चालतो.

आणि जे मूल संस्थेत नाही, घराच्याच मागच्या खोलीत आहे, त्याच्यासाठी देणगीही लागत नाही. त्याच्यापुढे कागद ठेवून काही दिवस शेजारी बसावे. डोळे काय म्हणतात ते वैद्य सांगतील. त्याचे लक्ष लागले आहे ना, हे मात्र घरच्यांनीच पाहायचे आहे.