मैदानाचे नाव शाळेला

शाळेच्या आराखड्यात मैदान शेवटी येते आणि काटछाटीत सर्वप्रथम जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहराने १९१३ साली नेमके उलट केले. क्रीडांगणावरून शाळेचेच नामकरण ‘स्टेडियम हायस्कूल’ असे केले.

मुळात ती वास्तू शाळेसाठी नव्हतीच. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने तेथे आलिशान हॉटेल बांधावयास घेतले होते. १८९३ च्या मंदीत काम थांबले, १८९८ मध्ये आग लागून आतील भाग भस्मसात झाला. कंपनी विटा काढून नेऊ लागली असता शाळा मंडळाने ते अवशेष विकत घेतले आणि १९०६ साली तेथे वर्ग भरू लागले. शेजारी खोल घळ होती. एखाद्या व्यवहारचतुर मंडळाने ती भराव घालून विकली असती! वास्तुविशारद फ्रेडरिक हीथ यांनी तिच्या उतारांवरच प्रेक्षकांसाठी पायऱ्या रचल्या. १९१० मध्ये समुद्राभिमुख क्रीडांगण सिद्ध झाले.

१९८१ मध्ये पावसाचे पाणी वाहून नेणारी भूमिगत वाहिनी फुटली आणि मैदानाचा एक भाग वाहून गेला. मैदान कायमचे मोडीत काढण्यास याहून सोयीची सबब कोणती? टॅकोमाने ते पुन्हा बांधले. शाळेची मुले पुन्हा तेथेच खेळू लागली.